बाहुल्यांची खतावणी

फॅशन बाहुली ही जन्माने खेळणे नाही. ती व्यापारी नमुना आहे. आपल्याकडे कापडाचा व्यापारी पूर्वी गावोगाव फिरताना सगळे तागे बरोबर नेत नसे. तुकडे चिकटवलेली नमुन्याची वही काखेत असली की त्याचे काम भागे. पॅरिसच्या शिवणकारांनी सतराव्या-अठराव्या शतकांत हीच युक्ती बाहुलीच्या रूपाने वापरली. नव्या धाटणीचा पोशाख शिवायचा, तो बाहुलीच्या अंगावर चढवायचा, केशरचनाही तशीच करायची आणि ती बाहुली परदेशच्या दरबारांकडे रवाना करायची. अशा बाहुलीला 'पँडोरा' म्हणत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी पोशाख तयार करणाऱ्या रोझ बेर्तँ हिच्या बाहुल्याही अशाच देशोदेशी जात. पुढे फॅशनची छापील चित्रे देणारी नियतकालिके निघाली आणि या मुक्या विक्रेतीचे काम हळूहळू संपले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्याच ज्युमो, ह्युरे आदी कारखानदारांनी भाजलेल्या चिनी मातीच्या चेहऱ्याच्या बाहुल्या श्रीमंतांच्या मुलींसाठी काढल्या. त्यांच्याबरोबर कपड्यांनी भरलेली छोटी ट्रंक मिळे. मुलींनी खेळता खेळता पोशाखाची जाण शिकावी, हा त्यामागचा हेतू.

हा पूर्वेतिहास मुद्दाम आरंभी सांगितला. प्रौढ माणूस बाहुल्या जमवतो असे कळले की आपल्या घरांत त्याला पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. टपाल तिकिटे, जुनी नाणी, अत्तराच्या कुप्या जमवणाऱ्याला मात्र आपण रसिक म्हणतो. हा भेद मला कधीच पटला नाही.

बाहुलीने एका संपूर्ण धंद्याची अब्रू सांभाळल्याचे उदाहरण तर फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पॅरिसमध्ये कापड नव्हते, कोळसा नव्हता, गिऱ्हाईकही नव्हते. तेव्हा तिथल्या नामांकित पोशाखकारांनी एकत्र येऊन तारेच्या सांगाड्याच्या, सुमारे सत्तावीस इंच उंचीच्या बाहुल्यांवर आपले नवे पोशाख चढवले. माणसाला पुरेल एवढे कापड नसले तरी बाहुलीला पुरेल एवढे होते. मार्च १९४५ मध्ये लूव्रच्या वास्तूत 'तेआत्र द ला मोद' या नावाने हे प्रदर्शन भरले; लाखभर लोकांनी ते पाहिले आणि त्यातून युद्धग्रस्तांसाठी निधी जमला. मग ते युरोपभर फिरले व १९४६ साली अमेरिकेत गेले. प्रदर्शन संपल्यावर बाहुल्या सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या; त्या १९५२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयाकडे आल्या आणि आजही तिथे आहेत. कोणी तरी त्या फेकून दिल्या नाहीत, एवढ्यावरच हा इतिहास टिकला.

आज 'फॅशन बाहुली' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती बार्बी. तिची कथा व्यापारी कुटुंबांनी वाचावी अशीच आहे. मॅटेल ही कंपनी १९४५ साली सुरू झाली. तिच्या एक संस्थापक रूथ हँडलर यांनी पाहिले, की आपली मुलगी बार्बरा कागदाच्या बाहुल्यांशी खेळताना त्यांना बाळे न मानता मोठ्या स्त्रिया मानते. त्या काळी बाजारात बहुतेक बाहुल्या तान्ह्या बाळांच्या असत. १९५६ साली स्वित्झर्लंडच्या प्रवासात रूथबाईंना 'लिली' नावाची जर्मन बाहुली दिसली. 'बिल्ड' या वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेच्या नायिकेवरून ती बनवलेली होती, आणि तिचा अपेक्षित ग्राहक मुली नव्हे, तर प्रौढ पुरुष होते. रूथबाईंनी ती घरी आणली, तिच्यावरून नवी बाहुली बेतली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-मेळ्यात ती मांडली. घाऊक खरेदीदारांनी नाके मुरडली. प्रौढ अंगलटीची बाहुली कोणती आई मुलीला घेऊन देईल, असा त्यांचा प्रश्न होता. पहिल्याच वर्षी तीन लाखांच्या वर बाहुल्या खपल्या. लिलीचे हक्क मॅटेलने पुढे १९६४ साली विकत घेतले.

खरी मेख किमतीत होती. बाहुली ३ डॉलरला. तिचे पोशाख मात्र स्वतंत्र. बाहुली एकदाच विकली जाते, पोशाख वर्षानुवर्षे विकले जातात, हे गणित आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. त्या पोशाखांसाठी कंपनीने शार्लट जॉन्सन या वेशभूषाकर्तीला जपानला पाठवले. बाहुल्या तिथेच तयार होत आणि कपडेही तिथेच शिवले जात. त्या पोशाखांतील चेन खरी उघडते, अस्तर खरे असते, काज्यातून गुंडी खरी जाते. १९५९ सालचे 'गे पॅरिसियन', 'ईस्टर परेड' आणि 'रोमन हॉलिडे' हे तीन पोशाख आज संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मिळांतील दुर्मिळ आहेत. त्यातही 'रोमन हॉलिडे'तील इवलासा कंगवा आणि चष्मा हाती लागणे कठीण. ज्या वस्तू मुलांच्या हातून पहिल्यांदा हरवतात त्यांना शेवटी सर्वाधिक मोल येते.

या छंदाची व्याप्ती केवढी, याचा अंदाज दोन उदाहरणांवरून यावा. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या बेटिना डोर्फमान यांना पहिली बाहुली १९६६ साली मिळाली. १९९३ पासून त्यांनी संग्रह सुरू केला आणि २०११ साली गिनेसच्या मोजणीत त्यांच्याकडे १५,००० वेगवेगळ्या बार्बी भरल्या. दुसरे उदाहरण एका डच माय-लेकींचे. आईने मुलीसाठी घेतलेल्या बाहुल्यांतून सुमारे ४,००० बाहुल्यांचा संग्रह उभा राहिला आणि २००६ साली लंडनच्या ख्रिस्तीज या लिलावगृहात विक्रीला आला. त्यातील १९६५ सालच्या 'मिडनाइट रेड' पोशाखातील एका बार्बीला ९,००० पौंड मिळाले.

एवढे वाचताच काहींच्या मनात हिशोब सुरू झाला असेल. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्याही मनात तो होतोच. ऑक्टोबर २००४ मध्ये १९५९ सालची खोक्यासकट जशीच्या तशी राहिलेली बार्बी ई-बेवर ३,५५२ डॉलर ५० सेंटला विकली गेली. ३ डॉलरचे पंचेचाळीस वर्षांत ३,५५२ झाले, म्हणजे द.सा.द.शे. सुमारे १७ टक्के चक्रवाढ. कोणतीही मुदत ठेव हे देणार नाही. परंतु हा आकडा फसवा आहे. पहिल्या वर्षी खपलेल्या त्या लाखो बाहुल्यांपैकी बहुसंख्य बाहुल्या मुलींनी खेळून, केस विंचरून, कापून, अंघोळी घालून संपवल्या. उरलेल्या मूठभरांची किंमत पाहून सगळ्यांचा परतावा काढणे म्हणजे बुडीत खाती वगळून शाखेचा नफा दाखवण्यासारखे आहे.

याची उलट बाजू १९९० च्या दशकाने दाखवली. मॅटेलने १९८८ साली नाताळनिमित्त 'हॉलिडे बार्बी' काढली. पहिली बाहुली चटकन संपली, तिचा भाव चढला, आणि मग दरवर्षी लोक ही बाहुली खेळण्यासाठी नव्हे, तर खोके न उघडता कपाटात ठेवण्यासाठी घेऊ लागले. मागणी पाहून कंपनीनेही उत्पादन वाढवले. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? त्या दशकाच्या मध्यातील कित्येक हॉलिडे बार्बी आज मूळ किमतीलाही जात नाहीत. 'संग्राह्य आवृत्ती' असे कंपनीनेच खोक्यावर छापले असेल, तर माझ्या मते ते न घेण्याचे पहिले कारण समजावे.

खोके उघडायचे की नाही, यावरून संग्राहकांत दोन पंथ आहेत. न उघडलेल्या बाहुलीला भाव अधिक, हे उघड आहे. पण खोक्यातली बाहुली वेष्टनाच्या तारांनी आणि रबरांनी बांधलेली असते. ते रबर विरघळून व्हिनाइलवर डाग पाडते, आणि खोके बंद असल्याने हे कोणाला दिसतही नाही.

हे सारे मी एका निमित्ताने शिकलो. माझी धाकटी बहीण इचलकरंजीच्या सुताच्या पेढीवाल्या घरात दिलेली आहे. १९८४ साली तिच्या चुलत सासऱ्यांनी न्यूजर्सीहून येताना तिच्या चार वर्षांच्या मुलीसाठी एक बार्बी आणली. मुलीने आठवड्यात तिचे केस उपटले; आईने ती काढून घेतली, नीट केली, आणि मग ती कधी परत दिलीच नाही. तिथून चाळीस वर्षांत १७३ बाहुल्या झाल्या. सासूबाईंनी सुरुवातीला नापसंती दाखवली. त्या व्रती होत्या. वस्त्रे, भांडी, दागिने साऱ्यांचे परिमाण त्यांनी घालून घेतले होते. "बाहुल्यांचेही परिमाण ठरव, म्हणजे मी काही बोलणार नाही," असे त्या म्हणाल्या. बहिणीने दोन कपाटांचे परिमाण ठरवले. नवी आली आणि जागा नसली, तर जुनी कोणाला तरी द्यायची. हा नियम तिने सासूबाईंच्या पश्चातही पाळला. जगातल्या मोठ्या संग्राहकांना एवढे साधले असते तर त्यांच्या वारसांचे पुष्कळ कष्ट वाचले असते.

तिची खरी आवड शिवणाची. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारणपणे माणसाच्या एकषष्ठांश. त्या प्रमाणात नऊवारी लुगडे दीड वाराचे होते. लांबी-रुंदी अशी भागाकाराने मिळते. कापडाची जाडी मात्र भागता येत नाही. माणसाच्या कमरेला निऱ्यांचे जे ओझे शोभते तेच बाहुलीच्या कमरेवर गाठोडे होऊन बसते. बार्बीची कंबर इतकी बारीक का, या टीकेला उत्तर म्हणून हेच कारण दिले गेले आहे: कपड्यांचे थर चढल्यावर ती ठीक दिसावी. टीका त्याने संपली नाही, आणि संपू नये. २०१६ साली कंपनीने उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या ठेवणी आणल्या त्या या टीकेमुळेच. परंतु शिवणाऱ्याच्या दृष्टीने ते कारण अगदीच पोकळ नाही, असे माझ्या बहिणीचे मत आहे. तिने यावर उपाय काढला. निऱ्या न घालता त्या इस्त्रीने मोडून, आतले जास्तीचे कापड कापून, फक्त वरच्या घड्या टाचायच्या. कापडही नवे न घेता जुन्या, धुऊन पातळ झालेल्या साड्यांचे वापरायचे. घरातल्या, माहेरच्या कित्येक बायकांची फाटकी पातळे अशी तिच्या कपाटात उभी आहेत.

दोन वर्षांपूर्वी जुने घर सोडून पुण्याला मुलाच्या सदनिकेत जायचे ठरले. तिथे दोन कपाटांना जागा नव्हती. भाच्याने एका विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याने सगळ्यांची मिळून ठोक किंमत सांगितली आणि आठ दिवसांत उत्तर मागितले. तेव्हा बहिणीने मला बोलावले. "अण्णा, तू जन्मभर लोकांच्या मालमत्तेचे मूल्यांकन केलेस. माझ्या मालमत्तेचे कर, मग मी त्याला उत्तर देते."

आम्ही चार दिवस बसून खतावणी केली: अनुक्रमांक, खुणा, देश, स्थिती, मूळ पोशाख आहे की नाही, मिळाली कशी, आणि शेरा. पहिला धडा तारखेचा होता. बाहुलीच्या पाठीवर कमरेखाली सन कोरलेला असतो आणि नवखा माणूस तेच उत्पादनवर्ष समजतो. तो सन साच्याच्या हक्काचा असतो. '१९६६' असे कोरलेल्या बाहुल्या १९९० च्या दशकातही निघत होत्या. त्यापेक्षा देशाचे नाव अधिक बोलके. आरंभीच्या जपानच्या, नंतर हाँगकाँग, तैवान, कोरिया, फिलिपिन्स, पुढे मलेशिया, चीन, इंडोनेशिया. मजुरी जिकडे स्वस्त तिकडे कारखाना सरकत गेला, आणि त्याचा नकाशा बाहुलीच्या पाठीवर उमटला. अगदी पहिल्या बार्बीची खूण निराळीच आहे: तिच्या तळपायांना स्टँडवर उभे करण्यासाठी नळीची भोके आहेत. १९९४ साली कंपनीने पस्तिसाव्या वर्षानिमित्त पहिल्या बार्बीची हुबेहूब नवी आवृत्ती काढली, आणि ती जुनी म्हणून गळ्यात मारणारे तेव्हापासून आहेतच.

दुसरा धडा आपल्याच देशाने दिला. आयातीवर बंधने होती त्या काळात लिओ मॅटेल या नावाने भारतात बार्बी तयार होऊ लागली. साडी नेसलेली, कपाळावर टिकली असलेली ही बार्बी आपल्या मुलींनी खेळून टाकून दिली. परदेशी संग्राहक मात्र तिच्या शोधात असतात. साडीचे कापड वेळोवेळी बदलत गेल्याने तिचे प्रकार पुष्कळ आहेत. बहिणीकडे अशा १४ निघाल्या. त्या विक्रेत्याच्या ठोक किमतीत यांचा वेगळा उल्लेखच नव्हता. तो त्याला ठाऊक नव्हता, असे मी मानत नाही.

आज नव्याने हा छंद धरणाऱ्याने जकातीचाही हिशोब करावा. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशात पाच हजारांना दिसणारी बाहुली घरी येईतो तिप्पट नाही तरी दुपटीच्या जवळ जाते.

जपणुकीविषयी दोन शब्द सांगतो, कारण यात आपल्या घरच्या सवयी आड येतात. डांबराच्या गोळ्या कपाटात कदापि ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली बाहुली चिकट होते, कारण व्हिनाइल मऊ राहावे म्हणून घातलेले द्रव्य काळाने बाहेर पाझरते. आम्लरहित पातळ कागद आणि सुती कापड हेच उत्तम. उन्हाने रंग उडतो. जुन्या बार्बीच्या कानांभोवती हिरवा डाग दिसतो तो कर्णभूषणांतील तांब्याचा गंज. तो व्हिनाइलच्या आत मुरतो. मुरुमांवर लावायचे बेंझॉईल पेरॉक्साइडचे मलम लावून काही जण तो काढतात, पण त्या जागी पांढुरका ठिपका राहू शकतो. दागिने काढून ठेवणे हाच खरा उपाय.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बेरीज झाली. एक गोष्ट स्पष्ट होती: शिवलेल्या नऊवारींना आणि पातळांना बाजारात जवळजवळ किंमत नाही. संग्राहकाला मूळ पोशाख हवा असतो. घरी शिवलेला पोशाख उलट भाव पाडतो. मी हे सांगायला कचरलो, पण खतावणीत जे आहे ते लिहिले. तिने वही वाचली, शेऱ्याच्या रकान्यात बोट ठेवून थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "म्हणजे ज्या माझ्या आहेत त्या विकायच्या नाहीत, आणि ज्या विकत आणल्या त्या विकायच्या." भाच्याला हे पटायला जरा वेळ लागला. त्याचेही चूक नव्हते; घर हलवताना प्रत्येक खोका कोणाला तरी उचलावाच लागतो.

विक्रेत्याला नकार गेला. खोक्यासकट असलेल्या ३१ बाहुल्या एकेक करून, फोटो आणि दोष लिहून, सहा महिन्यांत विकल्या. रक्कम तिच्या स्वतःच्या नावे ठेवीत गेली. ७४ बाहुल्या दोन बालवाड्यांना आणि नात्यातल्या मुलींना खेळायला दिल्या, खेळून संपवायलाच. भारतात तयार झालेल्या १४ आणि आणखी ८ अशा २२ बाहुल्या बंगळुरूला मुलीकडे गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी केस उपटणारी तीच. तिने त्या मागून घेतल्या, आणि आपल्यानंतर त्या दिल्लीच्या शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयासारख्या ठिकाणी देता येतील का, याची चौकशी आतापासूनच चालवली आहे. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांना हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून सुरू झालेले ते संग्रहालय १९६५ पासून उभे आहे.

उरलेल्या ४६ बाहुल्या, सर्व घरच्या पातळांतल्या, एका कपाटात मावल्या आणि पुण्याला गेल्या. खतावणीची एक प्रत माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला: क्रमांक ९२ चा हरवलेला डावा बूट सुयांच्या डबीत सापडला, तेवढी नोंद कर, आणि यामुळे तिच्या किमतीत फरक पडेल का? थोडा पडतो, म्हणून सांगितले. ती विकायची नाहीच, पण लिहून ठेव, म्हणाली.